ज्याला समजलं नाही, त्याने उभं राहायचं

ऑगस्टमधल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, त्या शनिवारी बेलरीव्हच्या धक्क्यावर माझ्या खोक्याचा तळ सुटला, त्यात दैवी काही नव्हते. पुठ्ठ्याचे खोके तासभर भुरभुर पावसात ठेवले की त्याचा तळ सुटतोच. तो नेमका एका अनोळखी माणसाच्या पायांशी सुटला. योगायोग म्हणायचाच, तर एवढाच.

चिनीमातीच्या चाळीस कांड्या ओल्या फळ्यांवरून खळखळत पसरल्या. त्याने एक बुटाखाली अडवली, दोन हातात धरल्या, आणि पाण्याकडे निघालेल्या चौथीसाठी सरळ गुडघ्यांवर आला.

"मेणबत्त्या?" त्याने विचारले.

"नाही. बाळंतिणीच्या खोल्या."

तो उठला आणि माझ्यासमोर ताठ उभा राहिला. त्याच्या पापण्यांवर पावसाचे थेंब होते. हे केवळ निरीक्षण; त्यावरून मी तेव्हा कोणताही निष्कर्ष काढला नव्हता.

"काय झालं?"

"समजलं नाही," तो म्हणाला. "आमच्या वर्गाचा नियम आहे. ज्याला समजलं नाही, त्याने उभं राहायचं. समजलं की बसायचं. लाजायचं नाही आणि कारण द्यायचं नाही."

मग मला सांगावेच लागले. डरवेंट नदीच्या मुखाशी, तळाला एक मासा राहतो : हाताच्या पंज्याएवढा, अंगभर ठिपके. पोहण्याचा त्याला कंटाळा. पुढच्या परांवर तो हातांवर चालल्यासारखा चालतो. म्हणूनच त्याचे नाव हँडफिश. मादी तळावरच्या उभ्या देठांना अंडी गुंडाळते. ते देठ आता फारसे उरलेले नाहीत, म्हणून आम्ही त्यांच्याऐवजी या कांड्या रोवतो.

"अच्छा...!" तो म्हणाला, आणि खरोखरच बाकावर बसला. बाक भिजलेला होता.

त्याचे नाव फर्गस ऑकरबी. नदीच्या याच तीरावरच्या एका शाळेत तो पाचवीला शिकवत असे, आणि त्याचा वर्ग मुलांसाठी एक मासिक चालवत असे. शास्त्रज्ञाने आपले ताजे संशोधन मुलांसाठी लिहायचे, आणि वर्गाने पास केले तरच ते छापायचे.

"नापास किती होतात?" बोटीत मी विचारले. कांड्यांचा निम्मा भार उचलून तो माझ्यामागोमाग चढला होता.

"पहिल्या वेळी? सगळेच."

"माझ्या मते, सोपं करणं म्हणजे सभ्यपणे खोटं बोलणं."

"मग या ना तुम्ही," तो हसला. "खोटं पकडलं जातं का, तेच बघू."

*

माझा निबंध दोन तज्ज्ञांनी तपासला होता आणि एका नामांकित नियतकालिकाने छापला होता. त्यामुळे पाचवीच्या चोवीस मुलांना घाबरण्याचे मला काही कारण नव्हते. मी पहिले वाक्य वाचले : "संकटग्रस्त प्रजातीच्या स्थानिक समष्टीचा आकार निश्चित करणे..."

चौदा मुले उभी राहिली. दुसऱ्या वाक्याला तेवीस. बसून राहिलेला एकटा मुलगा झोपला आहे, असे नंतर निष्पन्न झाले.

"समष्टी म्हणजे?" पुढच्या बाकावरून प्रश्न आला.

"म्हणजे... मासे किती आहेत ते."

"मग तसं म्हण की!"

"किती आहेत?" दुसरीने विचारले.

"आमच्या खाडीत, ब्याण्णव."

कोणीतरी बोटांवर हिशेब केला. "आपल्यासारखे चार वर्गसुद्धा भरणार नाहीत," ते मूल हळूच म्हणाले. त्यावर सगळा वर्ग एकदम खाली बसला. माझ्या निबंधाच्या अठरा पानांत ती शांतता कुठेही नव्हती.

अर्थात मी नापास झाले.

त्या आठवड्यांत मी रोज खाडीत काम करीत असे आणि संध्याकाळी पाच-दहाच्या बोटीने नदीपलीकडे होबार्टला घरी परतत असे. फर्गसही त्याच बोटीला असे. करीतले शिंपले भरलेला गरम पफ आम्ही दोघांत खायचो, आणि माझा नवा मसुदा तो तिथेच वाचायचा. वाचता वाचता मध्येच उभा राही. कामावरून परतणारी माणसे वर्तमानपत्रांवरून पाहत राहत.

"आता काय?"

"अधिवास."

"बसा हो! अधिवास म्हणजे घर."

"मग घरच लिहा ना. घर म्हटलं की माणूस आपोआप बसतो."

एकदा वाऱ्याने पाऊस आडवा आला तेव्हा त्याने न विचारता माझा चष्मा काढला, मफलरच्या कोरड्या टोकाने पुसला आणि परत माझ्या नाकावर ठेवला... जरा वाकडा. मी तो सरळ केला नाही. आमच्यातले "तुम्ही" नेमके कोणत्या फेरीला गळून पडले, याची नोंद माझ्याकडे नाही. एरवी माझ्याकडे नोंद असते.

होबार्टला उतरल्यावर मी उजवीकडे वळे, तो डावीकडे. त्याचे घर तिकडे असावे, असे मी गृहीत धरले होते.

*

ब्याण्णव या आकड्यावर बरेच काही अवलंबून होते. येत्या सोमवारी खाडीतले वीस मासे काढून मत्स्यालयात न्यायचे होते. तिथे त्यांची वीण वाढवायची होती. ब्याण्णवांतून वीस गेले तर खाडीला सोसते, हे संवर्धन समितीला माझ्या निबंधाने सांगितले होते. आकडा चुकीचा असता, तर त्यांना वाचवायला निघालेल्या आम्हीच ती वसाहत मोडली असती.

गुरुवारी मी पुन्हा वर्गात गेले. या वेळी मी वाचत गेले आणि मुले बसून राहिली. खिडकीशी टेकलेला फर्गस मात्र नेहमीसारखा हसत नव्हता. शेवटचा परिच्छेद आला : "प्रत्येक माशाचे ठिपके वेगळे असतात, जसे तुमच्या बोटांचे ठसे. त्यामुळे फोटो पाहून आम्ही प्रत्येक मासा ओळखतो आणि मोजतो."

मार्नी नावाची मुलगी उभी राहिली.

"काय नाही समजलं, मार्नी?"

"मासा समजला. फोटो नाही समजला." तिने एक पाय दुसऱ्या पायावर ठेवला. "आमच्या बिस्किटच्या डाव्या कुशीवर मोठा काळा डाग आहे. उजवीकडून बघितलं तर तो नुसता पांढरा. शेजारच्या आजींना वाटायचं, आमच्याकडे दोन कुत्रे आहेत! माशाच्या दोन्ही बाजूंचे ठिपके सारखे असतात?"

"नाही."

"मग तू कुठल्या बाजूचा फोटो काढतेस?"

"डाव्या. नेहमी डा—"

पहिले तीन उन्हाळे मी स्वतः पाण्यात उतरले होते आणि डाव्या बाजूचेच फोटो काढले होते. त्यांतून एक्कावन्न मासे मिळाले. चौथ्या उन्हाळ्यात माझा कान बिघडला आणि एक सहकारी उतरला. त्याने समोर आली ती बाजू टिपली, आणि मी ती तपासली नाही. त्याच्या फोटोंतले एक्केचाळीस मासे जुन्यांशी जुळले नाहीत, म्हणून मी ते नवे धरले. जुन्याच माशांची ती उजवी बाजू असती, तर खाडीत जेमतेम एक्कावन्न मासे होते. त्यांतले वीस आम्ही सोमवारी काढणार होतो.

मार्नी अजून उभीच होती. नियमाप्रमाणे तिला बसवणे माझे काम होते.

"मला... माहीत नाही," मी म्हणाले. मीही उभीच होते, आणि त्या वर्गात उभे असण्याचा अर्थ एकच होता.

*

"तुला आधीपासून माहीत होतं," बाहेरच्या पडवीत मी फर्गसला म्हणाले.

"काल तुझा मसुदा वाचताना विचारलं तिने. मी म्हटलं, उद्या त्यांनाच विचार."

"काल बोटीत मला सांगता आलं नाही? चोवीस पोरांसमोर माझी—"

"मी सांगितलं असतं, तर तो माझा प्रश्न झाला असता. तो तिचा आहे, टॅम्सिन." त्याने वर्गाचे दार ओढून घेतले. "आणि मला वाटलं... तुझ्याजवळ उत्तर असेल."

मला त्याचा फार राग आला. त्याच्या जागी मीही हेच केले असते, हे लक्षात आल्यावर तो आणखी वाढला. मग तिथेच, पन्हाळीतून गळणाऱ्या पाण्याखाली उभी राहून मी समितीच्या अध्यक्षबाईंना फोन लावला.

"सोमवारची बोट ठरली आहे गं," त्या म्हणाल्या. "खात्री आहे तुझी?"

"खात्री नाही, बाई. म्हणूनच फोन केला. बोट थांबवा."

मी फोन ठेवला. फर्गसने आपला मफलर माझ्या गळ्यात घातला. आता त्याचे एकही टोक कोरडे नव्हते.

*

मार्ग होता, पण किचकट. त्या सहकाऱ्याच्या कपाळावर दिव्याशेजारी कॅमेरा होता, आणि तो प्रत्येक माशाभोवती एक फेरी मारत असे. चित्रफितीतून मी रात्रभर त्या एक्केचाळीस माशांच्या डाव्या बाजू शोधून काढल्या. शुक्रवारी सकाळी शाळेच्या सभागृहात ते फोटो एका बाजूला आणि जुने एक्कावन्न दुसऱ्या बाजूला मांडले. तुलना करायच्या दोन हजार एक्क्याण्णव. मुलांच्या बारा जोड्या. अट माझी : दोन जोड्यांना, एकमेकांना न विचारता, तोच जुळा सापडला तरच तो धरायचा.

"ह्याच्या पाठीवर बदक आहे!"

"बदक कसलं, चहाची किटली आहे ती."

"गप्प बसा रे, ती दुसरी जोडी तुमचं ऐकतेय! ठरवून बोलायचं नाही."

फर्गस मोजे घालून जमिनीवर रांगत होता. जुळ्यांच्या टोपलीत एक चिठ्ठी पडली. मग दुसरी. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चार. प्रत्येक चिठ्ठीबरोबर मी वहीत ब्याण्णवांतून एक वजा करीत होते. अडीचच्या सुमाराला पाचवी पडली, आणि मग कितीतरी वेळ काहीच पडले नाही.

"संपलं," मार्नी म्हणाली.

"पाच? पाचच?"

"दोनदा बघितलं सगळ्यांनी. पाच कुत्रे दोनदा मोजलेस तू. बाकीचे सगळे खरे आहेत."

सत्त्याऐंशी. मी गणित दोनदा करून पाहिले. सत्त्याऐंशींतून वीस गेले तरी खाडी तगत होती. मग मी फोटोंच्या मधोमध जमिनीवर बसले, हसत, रडत, नाक पुसत. चोवीस मुलांनी ते आस्थेने पाहिले, आणि मला पास केले.

दुरुस्तीचे पत्र मी तिथूनच नियतकालिकाला पाठवले. आभारात इयत्ता पाचवी आणि बिस्किट. कुत्र्याच्या नावाला संपादकांनी नंतर हरकत घेतली. मी ती मान्य केली नाही.

*

पाच-दहाची बोट. पाऊस थांबला होता, आणि ढग उचलल्यावर डोंगराच्या माथ्यावर ताजा बर्फ दिसत होता. आम्ही शेजारी बसलो होतो. मफलर अजून माझ्याकडेच होता.

"टॅम्सिन..." फर्गसने घसा साफ केला. "गेल्या तीन आठवड्यांत, म्हणजे... एक प्रकारचा कल दिसतोय. आता नमुना लहान आहे, मान्य. पण सर्व बाबींचा विचार करता..."

"कसला कल?"

"म्हणजे असं की... मी बेलरीव्हला राहतो."

"बेलरीव्हला? अरे, शाळा तिकडे, घर तिकडे, मग ही बोट कशाला?"

"तेच तर." त्याचे कान लाल झाले होते. "पहिल्या दिवशी कांड्या ठेवायला चढलो आणि उतरायचं राहून गेलं. नंतर... तू कोपऱ्यावरून वळलीस की मी मागे फिरून परतीची बोट धरायचो. रोज."

रोज तो डावीकडे वळताना मला दिसे. दुसरी बाजू मी पाहिलीच नव्हती. एका महिन्यात तीच चूक दोनदा.

"तर एकंदरीत," तो म्हणाला, "उपलब्ध माहितीच्या आधारे..."

मी उठून उभी राहिले. सरळ, ताठ. वर्तमानपत्रे खाली आली.

"अगं, काय करतेस? सगळी बोट बघतेय!"

"समजलं नाही."

"टॅम्सिन..."

"सोपं करून सांग. पाचवीला समजेल असं."

त्याने वर पाहिले. पापण्यांवर आज पाऊस नव्हता.

"तू मला आवडतेस," तो म्हणाला. "खूप."

मी बसले.