सत्यतोल आणि धनावड्यांचा जबडा

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फखाणतळावर गणपती जवळ आले की माणसं आजारी पडत. गुहागरच्यांची कंबर धरे, देवरुखच्यांना चक्कर येई, आणि विसर्जन झालं की सगळे ठणठणीत होऊन पृथ्वीवरून परत येत. त्यामुळे पंप दुरुस्त करणारे सुहास धनावडे गाल धरून दारात उभे राहिले, तेव्हा तळप्रमुख रेणुका शिरगुप्पे यांनी आधी दिनदर्शिकेकडे पाहिलं.

"यंदा जबडा का?"

"कानापुढचा सांधा, मॅडम. लई ठणकतोय."

"गाव?"

"गुहागर," धनावडे ओशाळून म्हणाले. जणू तोच आजार होता.

बाईंनी त्यांना तळाच्या डॉक्टर नसीमा मुजावर यांच्याकडे पिटाळलं आणि तासाभरानं नाटक पकडायला स्वतःच तिथं गेल्या.

"गेल्या आठवड्यात मलाही तसंच वाटलं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "सांधा कटकन वाजतो, चावताना दुखतो, एवढंच असेल तर घाई नसते. मऊ खा, शेक घ्या, दात आवळू नका, म्हटलं. पण आज तोंडात एक बोट जेमतेम जातंय. ताप आहे, जबड्याखाली सूज आहे, थुंकी गिळवत नाही. हे सांध्याचं दुखणंच नाही, ताई. अक्कलदाढेमागे पू झालाय. सूज गळ्यात उतरली तर श्वास कोंडेल. दंतवैद्य वर कक्षास्थानकावर आहेत. आजच्याच अवकाशकुपीनं पाठवायला हवं."

"मग पाठवा की."

"पण सत्यतोल यंत्र कुपीचं दार उघडत नाही."

खोटे आजार पकडायला हे यंत्र शिरगुप्पेबाईंनीच हट्टानं मागवलं होतं.

"तो रोग तपासत नाही, बोलणारा तपासतो," डॉक्टर म्हणाल्या. "बोलणाऱ्याचा फायदा असेल तर बोलणं वजा. नुकसान असेल तर खरं. धनावडे 'दुखतंय' म्हणाले. गावी जायला मिळेल, म्हणून वजा."

"तुम्ही सांगा ना!"

"सांगितलं. एक रुग्ण कमी झाला की माझं काम हलकं होतं. वजा."

"मग त्यांनाच 'दुखत नाही' म्हणायला लावा."

"लावलं. ते मात्र लगेच खरं मानलं."

बाईंना अजूनही यात काहीतरी शिजतंय असं वाटत होतं. त्या पडद्याआड खाटेपाशी गेल्या. धनावडे म्हणजे तळावरचे सर्वांत भांडकुदळ गृहस्थ. चहा पातळ झाला तरी बैठक बोलावणारे.

"काय हो धनावडे, तुमच्याकडे पंप शिकवतात की नुसत्या गप्पा-गजाली?"

एरवी याला अर्धा तास उत्तर मिळालं असतं. आज धनावड्यांनी फक्त ओठाच्या कोपऱ्यातून गळणारी लाळ पुसली आणि भिंतीला टेकून, मान पुढे काढून, कष्टानं श्वास घेतला.

बाई धावतच सत्यतोलासमोर गेल्या. "मी तळप्रमुख सांगते, हा माणूस गंभीर आजारी आहे."

"प्रमुखांनी या कर्मचाऱ्याच्या बदलीची मागणी वारंवार केली आहे," सत्यतोल म्हणाला. "तो गेल्यास प्रमुखांचा फायदा. वजा."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

बाईंनी दात आवळले. "सगळ्या मागण्या मागे घेते."

"अपुरे."

"त्यांचा करार तीन वर्षांनी वाढवते."

"कारण?"

"कारण..." बाईंनी आवाज खाली आणला, "त्यांच्याशिवाय हा तळ चालत नाही."

"प्रमुखांचे नुकसान सिद्ध. निवेदन खरे." कुपीचं दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी वरून निरोप आला: दाढ काढली, पू काढला, सूज उतरतेय, आणखी थोडा उशीर झाला असता तर श्वासनलिकेत नळी घालावी लागली असती. बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. त्याच्यामागोमाग धनावड्यांचा निरोप आला. तोंड उघडू लागलं होतं, हे उघडच होतं. 'मॅडम, वर आलोच आहे तर गावी विश्रांती घेतो. विसर्जन करून येतो.'

"नामंजूर!" बाई सत्यतोलाला म्हणाल्या. "बरे झालेत ते. पुढच्या कुपीनं परत पाठवा."

"या कर्मचाऱ्याशिवाय तळ चालत नाही. तो परतल्यास प्रमुखांचा फायदा. वजा," सत्यतोल म्हणाला. "कर्मचाऱ्याची विनंती: वजा. उरले दंतवैद्यांचे मत. गावी विश्रांती, विसर्जनापर्यंत. दंतवैद्यांचा फायदा आढळला नाही. मंजूर."

"म्हणजे आता तीन वर्षं मी त्यांना कधीच रजा नाकारू शकत नाही?"

"प्रश्नाचे वजन करता येत नाही," सत्यतोल म्हणाला.

बाई डॉक्टरांशेजारच्या खुर्चीत बसल्या. मग हळूच त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"नसीमा, दुखण्याची मुदत कुणी विसर्जनापर्यंत देतं का गं? या दंतवैद्य मूळच्या कुठल्या?"

"चिपळूणच्या," डॉक्टर म्हणाल्या. "पण सत्यतोलाकडे त्यांचा सासरचा पत्ता आहे. मिरजेचा."