बाबांचा हात

इस्पितळात औषधांच्या खिडकीवर मी अकरा वर्षं बसते. कुठली गोळी काय करते, हे मला झोपेतून उठवून विचारा.

ताईचा उजवा हात आपोआप हलायला लागला, तेव्हा आईने मला काहीच विचारलं नाही. ती ताईशेजारी जाऊन बसली, ती तिथलीच झाली. बाबांचंही असंच सुरू झालं होतं. आधी बोटं, मग जबडा, मग सगळंच; त्यातच ते गेले. डॉक्टर म्हणाले, दुर्मीळ आजार दिसतोय, रक्तातून येतो.

बाबांचं नाक ताईला, आवाज ताईला, लाडही तिलाच. आता दुखणंसुद्धा. सांगायला लाज वाटते, पण मला त्याचाही हेवा वाटला.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. ताईची दोन बोटं हवेत किल्ली फिरवायची आणि थांबायची, कान देऊन ऐकावं तशी. हे तिने लहानपणी पाहिलं असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

एका दुपारी त्या हाताने आईचा तळहात ओढला आणि बोटाने त्यावर काहीतरी गिरवलं. आई पांढरीफटक पडली, मग हसली.

"लग्नाआधी ते असंच लिहायचे," ती म्हणाली. "हे मी कुण्णाला सांगितलेलं नाही."

"मी काहीच करत नाहीये गं," ताई रडकुंडीला येऊन म्हणाली.

त्यानंतर आई रोज दुपारी केस विंचरून तळहात पुढे करून बसायची. एकदा मीही माझा पुढे केला. ताईचा हात जागच्या जागी थांबला.

"माझ्यासाठी काही नाही?"

"नाही वाटतं," आई म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्याच आठवड्यात ताईच्या उशाखाली मला मळमळीच्या गोळ्या सापडल्या. दोन वर्षं ती त्या कुणाला न विचारता घेत होती. फार दिवस घेतल्या तर या गोळ्या अंग असंच हलवतात. मी डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी कपाळाला हात लावला आणि गोळ्या बंद केल्या. दीड महिन्यात ताईचा हात शांत झाला. ती माझ्या गळ्यात पडून रडली.

आई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी होती.

"घालवलंस त्यांना," ती म्हणाली.

उरलेली पाकिटं मी फेकली नव्हती. जे ताईसाठी आले, ते माझ्यासाठी का नाही येणार? मी रोज तिच्या दुप्पट घेऊ लागले. काय होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक?

सातव्या आठवड्यात, आई आणि मी जेवत असताना, माझा डावा हात उठला.

"आई, बघ!"

बोटं किल्ली फिरवत नव्हती. ती हवेत सावकाश वेणी घालत होती. तीन पेड, लांबच लांब, आणि शेवटी एक हिसका.

आईचा घास हातातच राहिला. तिने खुर्ची मागे सरकवली, पदर डोक्यावरून घट्ट ओढून केस झाकले.

"माझी सावत्र आई वेणी घालताना असाच हिसका द्यायची. मेलेली बाई ही, तुला कुठे भेटली?" तिने विचारलं.