चार बोटांची दुमड

वेद, तो फोन खाली ठेव आधी. प्रीता, तूसुद्धा. बाहेर बर्फ पडतोय, तुमचे आईबाबा काही दहाच्या आत यायचे नाहीत. भुताची गोष्ट हवी म्हणून मघापासून माझं डोकं खाताय ना? मग आता मध्येच "गुरुनाथकाका, लाइट लावा" म्हणायचं नाही.

ही माझ्या मित्राची गोष्ट. मोरेश्वर त्याचं नाव, आम्ही मोऱ्या म्हणतो. जन्मभर शिकागोत पुलांची डिझाइन्स केली. भुताखेतांचं कुणी काही सांगायला लागलं, की तोंडावर हसायचा. हल्ली हसत नाही.

आपलं मंडळ तेव्हा नेपरव्हिलच्या बाहेर एका जुन्या हायस्कूलमध्ये मराठी शाळा भरवायचं. इमारत एकोणीसशे चोपन्नची. हायस्कूल कधीच बंद पडलेलं, रविवारी एक वर्ग आपल्याला भाड्याने. दारांवर डिपार्टमेंटची नावं अजून रंगवलेली होती. लॅटिन, टायपिंग, ड्राफ्टिंग. मुलींना होम इकॉनॉमिक्स, म्हणजे शिवण आणि स्वयंपाक. मुलग्यांना शॉप, म्हणजे सुतारकाम. अदलाबदल चालायची नाही.

"That's so unfair, काका."

अनफेअर तर होतंच, प्रीता. किती, ते पुढे ऐक.

तीन नोव्हेंबर, दोन हजार चोवीस. रविवार, भाऊबीज. आदल्या रात्रीच घड्याळं तासभर मागे गेलेली, त्यामुळे पाचलाच काळोख. दुपारी शाळेत मुलांचा फराळ झाला. आपला वर्ग होम इकॉनॉमिक्सच्या खोलीत, बाकांवर जुनी शिवणाची मशीनं अजून तशीच. मोरेश्वरची नात अनया सात वर्षांची. तिला पुण्याहून आलेला परकर घातला होता. वाढत्या अंगाचा, आत चांगली चार बोटं दुमड. खेळताना तिचा पाय अडकला आणि ती दुमड सगळी उसवली. घरात कुणाला साधं बटण लावता येत नाही! तिची आई वीणा म्हणाली, राहू दे, घरी पिन लावू.

त्यात प्रत्येकाच्या बाकावर नावाचं कार्ड, आणि अनयाचंच हरवलेलं. पोर रडायला लागली. खोलीतल्या कशाला हात लावायचा नाही, असं भाड्याच्या करारात लिहिलेलं. पण पाठकोरा कागद दिसला की आपल्या लोकांचा हात थांबतो का? मोऱ्यानं एक ड्रॉवर उघडला, आत हायस्कूलची जुनी छापील प्रवेशकार्डं होती. एक काढलं, मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, 'अनया'. पोर हसली. झालं.

घरी गेल्यावर लक्षात आलं, चकल्यांचा स्टीलचा डबा तिथेच राहिलाय. चावी मोऱ्याकडेच असायची. निघाला. दार उघडलं तेव्हा फोनवर पाच वाजून दहा मिनिटं झालेली.

डबा खिडकीत होता. तो घेतला. वळला. शिवणाच्या मशीनपुढे अनयाचं कार्ड. पालथं पडलेलं. त्यानं उचललं. छापील बाजू भरलेली होती. शाईच्या पेनानं, वळणदार इंग्रजी अक्षरात. नाव, अनया. डिपार्टमेंट, होम इकॉनॉमिक्स. कोर्स, शिवण.

शाई ओली होती.

मशीनवर हिरव्या दोऱ्याचं रीळ. दुपारी ते मशीन रिकामं होतं. त्याला नक्की आठवत होतं.

मग घंटा झाली. वीज तोडलेली घंटा ती.

तो दाराकडे धावला. दार उघडेना. मागे खुर्च्या सरकल्या... एक एक करून. सगळ्या. फक्त अनयाच्या मशीनपुढची तेवढी रिकामी. मोऱ्याला एवढंच कळलं, पोरीचं नाव इथे ठेवायचं नाही. कार्ड फाडायला गेला, फाटेना. खिशातलं पेन काढलं. तिचं नाव खोडलं. खाली स्वतःचं लिहिलं.

दार उघडलं.

बाहेर काळोख. मुख्य दाराला चावी लावली, फिरेना. टायपिंग बंद. लॅटिन बंद. ड्राफ्टिंग बंद. एकच दार उघडं होतं... शॉपचं. आत गेला, तसं मागे लागलं.

एका बाकावर एप्रन. त्यावर चिठ्ठी. मोरेश्वर.

तेव्हा त्याला उमगलं. मुलग्याला शिवणाला बसता येत नाही. त्याचं नाव त्यांनी घेतलं. पण इथे. तिची जागा... तिची जागा तशीच होती.

भिंतीपलीकडे शिवणाचं मशीन सुरू झालं.

हळूहळू. थांबत. नवखा हात चालवतो ना, तसं.

तो दारावर धडका मारत राहिला. तिचं नाव घेऊन ओरडला. मशीन चालूच. किती वेळ... ते त्याला अजून सांगता येत नाही.

घंटा झाली. दारं उघडली. शिवणाच्या खोलीत कुणी नव्हतं. कार्ड नव्हतं. रीळही नव्हतं. तो पळत गाडीपाशी आला. फोनवर पाच वाजून दहा मिनिटं.

घरी अनया सोफ्यावर गाढ झोपलेली. वीणा म्हणाली, "बाबा, अहो, तुम्ही गेल्या गेल्या झोपली, हाक मारली तरी उठेना. आणि हे तुम्ही कधी शिवलंत?"

परकराची दुमड शिवलेली. बारीक, सरळ टीप. लाल परकर, हिरवा दोरा.

मंडळानं ती जागा सोडली. मोऱ्यानं तो परकर स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवला, चावी गळ्यातल्या साखळीत. अनया छान आहे रे, शाळेत जाते, पोहते. वर्षभरात दोन इंच वाढली. गेल्या दिवाळीला तिनं हट्ट केला, तोच परकर हवा. आखूडच होणार, मग आपोआप नाद सोडेल, म्हणून मोऱ्यानं कुलूप काढलं. तिनं घातला.

बरोबर घोट्यापर्यंत आला.

मोऱ्यानं वाकून काठ उलटून पाहिला. टीप नवी होती. दोरा हिरवा. चार बोटांच्या दुमडीतली दोन बोटं सोडलेली होती.

अजून दोन उरली आहेत.