दुसरा ढावलो

लालीबाईनं पितळेची मोठी थाळी स्वतःकडे ओढली आणि मांडणीवरची एक स्टीलची ताटली काढून सुनेपुढे सरकवली. "तू याच्यात जेव," ती म्हणाली. "माह्या पोरीच्या ताटाले हात लावू नको आता."

पुष्पाचा हात भाकरीवर तसाच राहिला... बाभुळगावजवळच्या या बंजारा तांड्यात घरातल्या बायका एकाच थाळीत जेवत आल्या होत्या. लग्न होऊन आली त्या दिवसापासून पुष्पा सासू आणि नणंद यांच्यासोबत त्याच थाळीत जेवत होती. छोटी अंजू तर तिच्या मांडीवर बसूनच घास घ्यायची. आज तीच अंजू, सोळा वर्षांची, मान खाली घालून भाकरीचे तुकडे करत होती आणि भाभीकडे बघत नव्हती.

"बाई, काय चुकलं माहं?"

"मले नको विचारू. परवा मारेगावच्या गाडीतून कोण उतरलं, थे सोताले विचार. घरी सांगून गेलती बाभुळगावले बांगड्या भरायले. शेजारच्या विमलताईनं पाह्यलं तुले यवतमाळच्या स्टँडवर."

पुष्पानं ताटली जवळ ओढली. घास काही केल्या उतरेना.

आता हे मारेगावचं प्रकरण सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हीही विमलताईंसारखे पुष्पाकडे तिरक्या नजरेनं पाहाल. पुष्पाचं माहेर मारेगावकडच्या एका तांड्यातलं. ती या घरात आली ती साट्यालोट्यात. म्हणजे पुष्पा द्यायची देवसिंगच्या बादलला, आणि तिच्या बदल्यात बादलची बहीण अंजू मोठी झाली की द्यायची पुष्पाच्या धाकट्या भावाला, राजकुमारला. पंचांसमोर शब्द झाला तेव्हा अंजू नाक पुसत अंगणात कोंबड्यांमागे पळत होती. तिला कोण विचारणार? आणि पुष्पाला तरी कोणी विचारलं होतं...

पण या घरात पुष्पाला जीव लावणारं पहिलं माणूस म्हणजे तीच शेंबडी पोर. नवरा बादल यवतमाळजवळच्या लोहाऱ्याच्या कारखान्यात पाळी करून यायचा नि झोपायचा. सासू रीतीभातीची, करडी. संध्याकाळी शेताच्या बांधावर कवठाचं झाड झोडपायचं आणि पडलेली कवठं गोळा करायची, एवढाच काय तो पुष्पाचा विरंगुळा. ती लांबून कवठ फेकायची आणि अंजू झेलायची. दगडासारखं फळ ते! नुसता हात पुढे केला तर बोटं सुजायची, म्हणून पोरगी सगळं अंग त्याच्या मागे न्यायला शिकली, उडी मारायला शिकली. पुढे शाळेत रुपाली मॅडम फुटबॉल शिकवायला आल्या, तेव्हा गोलात कोण उभं राहतं म्हटल्यावर अंजूच पुढे झाली. मॅडमनी तिला यवतमाळला नेलं, मग जिल्हा, मग राज्य. आणि या हिवाळ्यात सतरा वर्षांखालच्या मुलींच्या भारताच्या संघात अंजूचं नाव आलं. काठमांडूला सहा देशांच्या मुली खेळायला येणार होत्या.

त्या दिवशी तांड्यात गूळ वाटला गेला. दोनच दिवसांनी दुसऱ्या गुळाचा निरोप आला.

राजकुमारनं सांगून पाठवलं होतं, पुढच्या रविवारी पंच घेऊन येतो, गोळ खाऊन घेऊ. गोळ खाल्ला की सगाई पक्की, मग मुलगी सासरची. लग्न दोन वर्षांनी होवो, पण आमच्या घरची होणारी सून अर्ध्या चड्डीवर साऱ्या दुनियेसमोर पळणार नाही, असंही त्यानं बजावलं होतं. अंजूचा बाप देवसिंग रात्रंदिवस खाटेवर डोकं धरून बसला. "मी शब्द दिला हाय," तो एवढंच म्हणायचा. "मोडू कसा? उद्या पंचाईत बसली तं पोरीचं नाव साऱ्या तांड्याईत घेतील." लालीबाई रडायची, मग रडता रडता सुनेकडे पाहायची. फायदा कोणाचा? भाऊ कोणाचा? हा प्रश्न घरात कोणी तोंडानं विचारला नाही. पण चुलीपाशी, पाण्याच्या घागरीपाशी, गोठ्यात, सगळीकडे तो पुष्पाच्या मागे मागे फिरत होता.

म्हणून पुष्पा खोटं सांगून माहेरी गेली.

राजकुमार अंगणात मोटरसायकल पुसत होता. तिनं पदर त्याच्या पायांवर टाकला. "भाऊ, अंजूले सोड. तिले जाऊ दे."

"साटं हाय थे," तो म्हणाला. "एका बाजूनं मोडत नाई. मोडलं तं तुले बी परत आणावं लागीन, समजते काय तुले?"

"मले परत नको आणू. मी मेली समज. पण नाई तू म्हण, आपल्या बाजूनं म्हण. तू म्हटलं तं कोणाचीच पगडी पडत नाई. हे नाई मानलं तं गोळाच्या दिवशी पंचाईसमोर मीच उभी राह्यतो आन् मीच नाई म्हणतो. मंग काय राह्यीन तुह्यी इज्जत?"

आईबापानं दिली तिथं मुकाट गेलेली पुष्पा अशी कधी बोललीच नव्हती. राजकुमारनं फडकं खाली टाकलं. "ठीक हाय. मी नाई म्हणतो. पण माह्या दारात पाय ठेवायचा नाई. माह्या लग्नात नाई, मातीत बी नाई. आन् हे तू करायले लावलं असं कुठं बोलली तं मीच पंचाईत बसवतो, तुह्या सासऱ्यावर."

"बोलत नाई," पुष्पा म्हणाली.

दारात तिची म्हातारी आई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मुलापुढे तिचं काही चालत नव्हतं, तिनं फक्त तोंडात पदर कोंबला. पुष्पा तांड्याच्या वेशीपर्यंत आली आणि तिचे पाय थांबले. लग्नाआधी तांड्यातल्या बाया मुलीला ढावलो शिकवतात, रडत रडत म्हणायचं निरोपाचं गाणं. त्यात अंगणाचा निरोप घ्यायचा, विहिरीचा, गायीवासरांचा, बापाच्या खाटेचा. बाई तो जन्मात एकदाच स्वतःसाठी म्हणते. पुष्पानं त्या दिवशी वेशीवर एकटीनं दुसऱ्यांदा म्हटला. पहिल्या वेळी परत यायचं असतं हे ठाऊक होतं, म्हणून तेव्हा इतकं रडू आलं नव्हतं.

आणि तो सूर काही तिच्या गळ्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी कापूस वेचताना ती नकळत तेच गुणगुणत होती, आणि मागच्या ओळीत अंजू होती.

तांड्यातल्या कोणत्याही पोरीला विचारा, ढावलोचा अर्थ एकच. घरात ढावलो घोळवला जातोय म्हणजे मुलगी जाणार.

"कोणाले शिकवायले म्हणून राह्यली?" अंजूनं वेचणं थांबवून विचारलं. "मले? भाभी, तू मारेगावले गेलती थे गोळाची तयारी करायले गेलती ना? सारे म्हणत होते, मीच मानत नव्हती... मी म्हणे, भाभी तशी नाई."

पुष्पाच्या ओठांवर सगळं येऊन थांबलं. एक शब्द, आणि ही पोर गळ्यात पडली असती. पण सोळा वर्षांच्या पोरीच्या पोटात गोष्ट राहते का? ती आईला सांगणार, आई बापाला, आणि बाप शब्दाचा खरा, तो उद्याच मारेगावला जाऊन राजकुमारचे पाय धरणार, दिलेला शब्द पुरा करायला. पुष्पा वाकली आणि बोंडातला कापूस काढू लागली. "तू खेळायले जा," ती म्हणाली. "बाकीचं नको पाहू."

"बोलत काहून नाई तू?" अंजूनं कापसाची ओटी तिथंच सोडली आणि घराकडे निघून गेली.

शनिवारी तांड्याचा प्रमुख भावसिंग नाईक निरोप घेऊन आला. मुलाकडच्यांनी नाही म्हटलं. कारण काही दिलं नाही, पोरगी नको एवढंच.

सुटका झाली म्हणून घरात दिवा लागायला हवा होता. पण नाकारलेली पोरगी म्हटल्यावर बापाची मान खालीच जाते. लालीबाई तर पिसाळलीच. "काहून नाई म्हटलं त्याईनं? तीन दिवस आधी कोण जाऊन आलं तिथं? तूच काही तरी सांगून आली माह्या पोरीबद्दल! तुले तिचं नाव पेपरात आलेलं पाह्यवलं नाई." संध्याकाळी बादलनंही तिला बाजूला घेतलं. "खरं सांग पुष्पा. काय बोलली तू तिथं?"

आधी ती लग्न जुळवते म्हणून वाईट, आता मोडलं म्हणून वाईट. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसानं एकदा तरी म्हणावं, मले विश्वास हाय... तो म्हणाला नाही. तिनं घागर उचलली आणि पाण्याला गेली.

अंजू निघाली तेव्हा सारा तांडा रस्त्यावर आला होता. रुपाली मॅडम गाडी घेऊन आल्या होत्या. अंजू सगळ्या मोठ्यांच्या पाया पडली. पुष्पा गोठ्याच्या दाराशी ओच्यात एक कवठ घेऊन उभी होती. अंजूची नजर त्या कवठावर पडली, क्षणभर तिचा चेहरा हलला, आणि मग ती गाडीत जाऊन बसली. ते कवठ पुष्पानं फडताळात ठेवलं.

फायनल दुपारी होती. समाजमंदिरात टीव्ही लावला होता, पोरांनी तिरंगे आणले होते, देवसिंगलाही ओढून आणून पुढे बसवलं होतं. त्याच महिन्यात मारेगावकडे राजकुमारचं लग्न दुसऱ्या मुलीशी होऊन गेलं होतं. पुष्पाला बोलावणं आलं नाही, ती गेली नाही. सख्ख्या भावाच्या लग्नाला गेली नाही म्हणून तांड्यात पुन्हा कुजबुज झालीच. आज पुष्पा मागच्या खांबाला टेकून पाहत होती. हिरव्या मैदानात, त्या जाळीपुढे, तिची अंजू हात पसरून उभी होती.

तेवढ्यात तिच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. तिनं नाव पाहिलं, इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच बाहेर सरकली.

लालीबाईचे डोळे टीव्हीवर होते, पण लक्ष कुठं होतं ते सांगायला नको. सून चोरून कोणाशी बोलते, कुठं जाते, आज एकदा डोळ्यांनी पाहूच म्हणून तीही उठली. पोटची पोर सातासमुद्रापार गेल्यासारखी टीव्हीत खेळतेय, आणि ही बाई संशयापायी तिच्याकडे पाठ करून निघाली.

बांधावरच्या कवठाखाली पुष्पाची आई बसली होती. म्हातारी एकटी एसटीनं आली होती, घरात पाय टाकायची हिंमत नव्हती म्हणून शेतात थांबली होती. लेकीला पाहताच ती उठली आणि दोघींनी गळ्यात गळा घातला.

तांड्याच्या बाया खूप दिवसांनी भेटल्या की नुसत्या भेटत नाहीत. गळ्यात पडून, सूर धरून रडतात, आणि त्या रडण्यात मनातलं सारं बोलून टाकतात. बोलताना जे जिभेवर येत नाही ते त्या सुरात येतं, त्याला कोणाची बंदी नसते. म्हातारी रडत म्हणत होती, पोरी गं, तू नणंदेसाठी भावाचे पाय धरले, त्यानं तुझ्यासाठी दार लावलं, सगळ्या बहिणी मांडवात नाचल्या आणि माझी लेक जिवंत असून मेली. आणि पुष्पा तिला याडी, म्हणजे आई, अशी हाक मारत रडत उत्तर देत होती, माझं दार लागलं तर लागू दे, माझ्या अंजूचं उघडलं. मी वेशीवर ढावलो म्हटला, माझ्या पोरीनं ऐकला आणि तिला वाटलं तिच्यासाठीच... सासूनं थाळी वेगळी केली याडी, तरी मी बोलले नाही, बोलले असते तर माझ्या सासऱ्याची पगडी पंचांसमोर पडली असती.

सूर संपला. पुष्पानं डोळे पुसले आणि मान वर केली, तर चार हातांवर लालीबाई उभी होती.

पुष्पानं हात जोडले. "बाई... कोणाले सांगू नका. तुमचे पाय धरतो. भाऊ पंचाईत बसवीन."

लालीबाई जवळ आली, आणि तिनं सुनेच्या गळ्यात हात टाकून तोच सूर धरला... माहेरी आलेल्या लेकीसाठी धरतात तो. सून कितीही दिवसांनी आली तरी तिच्यासाठी हा सूर कोणी धरत नाही. लालीबाईला त्यात शब्द सापडेनात. ती एवढंच म्हणत होती, माझी लेक एकटी जेवली, माझी लेक एकटी जेवली... पुष्पानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. इतकी वर्षं 'बाई' म्हणणाऱ्या तिच्या तोंडून त्या सुरात 'याडी' कधी निघून गेलं ते तिलाही समजलं नाही.

तिकडे समाजमंदिरातून एकच ओरडा उठला. अंजूनं पेनल्टी अडवली होती. सासूसुना दोघींनीही ती पाहिली नाही. कप शेवटी नेपाळनं नेला, पण तांड्यातली पोरं संध्याकाळपर्यंत उजवीकडे उड्या मारून दाखवत होती.

लालीबाईनं ही गोष्ट नवऱ्याला सांगितली नाही, मुलाला नाही, विमलताईंना तर नाहीच. फक्त त्या संध्याकाळी फोन घेऊन ती गोठ्यात गेली आणि काठमांडूला असलेल्या लेकीशी खूप वेळ हळू आवाजात बोलत राहिली.

अंजू आली त्या दिवशी तिनं गळ्यातल्या माळा काढल्या आणि सरळ चुलीपाशी गेली. पुष्पा भाकरी थापत होती. अंजू भाभीच्या पाठीला चिकटून बसली, लहानपणी बसायची तशी.

जेवायची वेळ झाली. पुष्पानं सवयीनं मांडणीवरची स्टीलची ताटली काढली. लालीबाईनं ती तिच्या हातातून घेतली, अंगणात नेली आणि त्यात कोंबड्यांना पाणी ओतलं. मग पितळेची थाळी मध्ये मांडली.

"भाभी," अंजू म्हणाली, "थो ढावलो मले शिकवशील?"

"कायले? तुले कुठं जायचं हाय आता?"

"कुठं नाई. पण मारेगावची याद आली का तू एकटीच म्हणशील. मले येत असला तं मी संगं म्हणीन."

फडताळातलं ते कवठ पुष्पानं आणून अंजूच्या ओंजळीत ठेवलं. ते आता पिकून मऊ वास देत होतं.

"आधी जेवा," लालीबाई म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला. "भाकर थंडी होऊन राह्यली."