गुडघ्यांचा दवाखाना

बोरजाई गावातल्या डॉक्टर विजया ढोबळ्यांच्या दवाखान्याला कानोशाने शंभरापैकी एकेचाळीस गुण दिले, आणि त्याची शहानिशा करायला आरोग्य खात्याने शलाका नाईकवाडेला पाठवलं. कानोसा म्हणजे भिंतीला चिकटवलेली वाटीएवढी चकती. हल्ली ती प्रत्येक दवाखान्यात असते. डॉक्टर काय विचारतात, किती वेळ देतात, कशावर कोणतं औषध देतात हे ती ऐकते आणि दर महिन्याला गुण देते. गुण पन्नासच्या खाली गेले की दवाखाना बंद, त्या जागी तपासणी-पेटी. आत बसायचं आणि पडद्यावरच्या अनोळखी डॉक्टरशी बोलायचं.

शलाका कोड्यात पडली होती. दवाखान्यात येणाऱ्यांत निम्म्या म्हाताऱ्या, आणि सगळ्यांचं दुखणं एकच, गुडघे. प्रत्येकीला पडद्याआड पंधरा मिनिटं शेक. कानोशाने त्यावर 'अनावश्यक उपचार' असा शेरा मारला होता. तेवढ्या वेळात डॉक्टर काय करतात याची नोंदच नव्हती, कारण रुग्ण म्हणून नाव नसलेल्या माणसाचं बोलणं कानोसा पुसून टाकतो. खासगीपणाचा नियमच तसा आहे. एका गावात इतके गुडघे बिघडावेत तरी कसे? पाण्याचे नमुने घ्यायला बिचारीने बाटल्यासुद्धा आणल्या होत्या.

सकाळी ती कोपऱ्यात स्टूल टाकून बसली. पहिल्या आल्या हौसाबाई मोहिते, सोबत सून मंदा. हौसाबाई तरातरा चालत आल्या, नाव नोंदवलं आणि कोणी न सांगताच पडद्याआड जाऊन शेकाच्या दिव्याखाली आडव्या झाल्या. डॉक्टरांनी मंदाला बसवून घेतलं. खात्याच्या बाई इथे बसल्या तर चालेल का, असं तिला विचारलं. तिने होकारार्थी मान हलवली. मग डॉक्टरांनी तिची छाती आणि काख बोटांनी बराच वेळ चाचपली. गाठ होती. शनिवारी, बाजाराच्या दिवशी, तालुक्याला त्यांच्या डॉक्टर मैत्रिणीकडे सुईने तपासून घ्यायचं ठरलं.

शलाका पडद्याआड गेली आणि गुडघे फार दुखतात का, असं आजींना विचारलं.

"गुडघं धड हायत माझं," हौसाबाई शांतपणे म्हणाल्या. "हिचं नाव लिवलं की पोराच्या मोबाईलवर जातंय. मग काय झालं, कशापायी गेलती, सतरा चौकश्या. म्हातारीच्या गुडघ्याचं कुनी इचारीत न्हाय."

शलाकाला स्वतःचीच लाज वाटली. घरातल्या प्रत्येकाची आरोग्यनोंद कुटुंबप्रमुखाच्या मोबाईलवर पाठवायची, हा नियम तिच्याच खात्याचा होता, आणि तो तिला फार सोयीचा वाटत आला होता. डॉक्टरांनी सांगितलं, तीन वर्षांत अशा चार गाठी वेळेत सापडल्या. कानोशाच्या लेखी त्या घडल्याच नव्हत्या.

तोडगा एकदम सोपा होता. कानोशात 'सोबतीची व्यक्तीही रुग्ण' अशी एक खूण असते. ती केली की ही सारी तपासणी मोजली जाईल आणि गुण ऐंशीच्या घरात जातील. शलाकाने ते उत्साहाने सांगितलं.

"गुण वाढतील," डॉक्टर म्हणाल्या. "बायका यायच्या थांबतील."

आणि खूण केली नाही तर दवाखानाच राहणार नाही. पेटी तर नाव सांगितल्याशिवाय उघडतसुद्धा नाही. पाहणीचा अहवाल आज दुपारपर्यंत जायला हवा होता. हातातल्या काचेच्या पाटीवर, अहवालात, 'पाहणीत काय आढळले' एवढीच एक रिकामी ओळ होती, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिला तिथे काय लिहावं ते सुचेना.

मंदाने पदर सारखा केला. ती शलाकासमोर येऊन उभी राहिली.

"बाई," तिने हळूच विचारलं, "आज हितं कोन आलं हुतं म्हनून लिवनार तुमी?"