सव्वाचारचं उत्तर

भर पावसात स्वतः चिंब भिजत, छत्री मात्र कुशीतल्या संगणकावर धरून चाललेली मुलगी काही रोज दिसत नाही. त्या गुरुवारी दिसली. दुरुस्तीच्या दुकानात शिरून तिने ते धूड काउंटरवर टेकवलं आणि म्हणाली, "हा आपोआप सुरू होतो. रोज दुपारी, सव्वाचारला."

दुकानदाराने मान वर केली. गल्लीत सगळे त्याला बॅकअपवाला म्हणायचे. कोणी काहीही घेऊन येवो, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला.

"बॅकअप घेतलाय?"

"मी भुताबद्दल बोलतेय आणि तुम्ही बॅकअप विचारताय?"

"भूत म्हणजे तरी काय… माणसाचा बॅकअपच."

तिला हसू आलं, पण तिने ते दाबलं. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवायची. दिवसभर लोकांचे दात हाताळून तिला एक वाईट खोड लागली होती. समोरच्याचे आधी दातच बघायची. याचा डावा सुळा जरासा पुढे होता… आणि छान दिसत होता. तिने घाईघाईने नजर दुसरीकडे वळवली.

संगणक तिच्या बाबांचा. बाबांना जाऊन पाच महिने झाले होते. वरच्या मजल्यावरच्या काकू मध्यंतरी म्हणाल्या होत्या, "दुपारी तुझे बाबा कामाला बसल्यासारखे वाटतात गं. त्यांच्या मशीनची खडखड येते." तिने ते हसण्यावारी नेलं. पण मागच्या गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, ती कपड्यांच्या घड्या घालत होती आणि बाबांच्या खोलीत उजेड पडला. पडद्यावर एकेक अक्षर उमटत होतं. समोरची खुर्ची रिकामी. पोरीची बोबडी वळली, ती थेट जिन्यापर्यंत पळाली.

"पासवर्ड?" त्याने विचारलं.

"बाबा म्हणायचे, पासवर्ड सख्ख्या भावालाही सांगू नये. वळा तिकडे."

"वळलो."

"डोळे मिटा."

"भिंतीकडे तोंड आहे माझं… भिंत काय चुगली करणार?" म्हणाला खरा, पण मिटले. तेही तिला आवडलं.

कॅमेऱ्यावर बाबांनी चिकटवलेली बँडेजपट्टी बघून तो हसला, मग त्याने दुकानाचं इंटरनेट जोडलं. सव्वाचार वाजले. आतला पंखा घरघरला, डिस्क खडखडली आणि रिकाम्या चौकटीत अक्षरं उमटू लागली, थांबत थांबत, विचार करून लिहावं तशी.

"लपवण्यासारखं नसेल तर भ्यायचं कशाला, असं विचारता. मग तुम्ही न्हाणीघराला आतून कडी कशाला लावता?"

त्याच क्षणी काउंटरवरचा त्याचा मोबाइल वाजला. त्याने वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे मलाच आलंय," तो म्हणाला. "'चव्हाटा' म्हणून साइट आहे, गावचं राजकारण तिथे चालतं. चौकाचौकात कॅमेरे हवेत, असं मी आज सकाळी लिहिलं होतं. वक्रदृष्टी या टोपणनावाने लिहिणाऱ्या गृहस्थांना. सहा वर्षं भांडतोय मी त्यांच्याशी."

"वक्रदृष्टी… म्हणजे बाबा."

बाहेर पाऊस पडत होता.

"मग गेले पाच महिने," त्याने हळूच विचारलं, "मी कोणाशी भांडतोय?"

उत्तर तासाभराने सापडलं. बाबांनी मशीन रोज सव्वाचारला जागं व्हावं अशी सोय करून ठेवली होती. एक छोटा प्रोग्राम चव्हाट्यावरचं या बॅकअपवाल्याचं लिखाण वाचायचा, त्यातला शब्द हेरायचा आणि आधीच लिहून ठेवलेल्या उत्तरांतलं एक पाठवायचा. कॅमेरे, निवडणूक, खड्डे, सगळ्याला उत्तर तयार.

"म्हणजे सहा वर्षांत तुम्ही नवीन काहीच बोलला नाहीत," ती म्हणाली.

"आता तुम्हीही भांडायला लागा माझ्याशी."

उत्तरांच्या फोल्डरमध्ये एक चिठ्ठीही होती. 'मी गेल्याचं चव्हाट्यावर कळलं, तर पोरगी घरात एकटी असते हेही कळेल. म्हणून बोलत राहायचं.'

तिने ती दोनदा वाचली आणि तिला रडू कोसळलं. त्याने हात बटणाकडे नेला. मग म्हणाला, "बंद करू?"

"नको." तिने डोळे पुसले. "पण आता तुम्हाला कळलं, मी एकटी असते ते. भ्यायला हवं का मी?"

"विसरून जाईन म्हणालो… तर खोटं होईल."

पुढच्या गुरुवारी तो घरी आला, बॅकअप घ्यायला म्हणून. त्याच्या पुढच्या गुरुवारी बॅकअप नीट झालाय का बघायला. मग त्याने निमित्त सांगणं सोडलं आणि तिने विचारणं. सकाळी तो मुद्दाम काहीतरी खोडसाळ लिहायचा, सव्वाचारला दोघं बाबांचं उत्तर वाचून हसायचे. मधे बाबांची खुर्ची, अलीकडे ती, पलीकडे तो. खुर्चीच्या पाठीवर कधीकधी दोघांची बोटं जवळ यायची… आणि तिथेच थांबायची. उठताना बघावं तर ती खुर्ची थोडी मागे सरकलेली असायची. कोणी सरकवली, हे दोघांनीही कधी विचारलं नाही.

मग एका गुरुवारी तो आला तो घामाघूम होऊनच.

"सकाळी एक प्रश्न टाकलाय. वाचा."

तिने वाचलं. 'वक्रदृष्टी, आज राजकारण राहू दे. तुमच्या मुलीवर माझा जीव जडलाय. तुमची हरकत आहे का?'

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "साऱ्या गावासमोर?"

"माझं लपवण्यासारखं काही नाही."

"आणि विचारलंत कोणाला, तर गेलेल्या माणसाला."

"तुम्हाला विचारायची छाती नव्हती…"

घड्याळात चार दहा झाले होते. पाच मिनिटांत मशीन उत्तर देणार होतं, खड्ड्यांबद्दल नाहीतर निवडणुकीबद्दल, आणि लोकांना वाटणार होतं, बाप आहे अजून घरात. बाबा गेले म्हणायचं, तर ती एकटी आहे हेही गावाला कळणार. इतके दिवस ती त्या आवाजाआड सुरक्षित होती, आणि त्या आवाजाआड तिचं स्वतःचं बोलणंही अडकून पडलं होतं. तिला भीती वाटत होती. तरी ती बाबांच्या खुर्चीत बसली, पहिल्यांदाच, तिने मशीन स्वतः सुरू केलं आणि लिहिलं.

"वक्रदृष्टी वारले. सहा महिने झाले. मी त्यांची मुलगी, घरात एकटीच असते. ज्याने विचारलंय तो आत्ता शेजारी उभा आहे. माझी हरकत नाही."

पाठवलं. त्याचा मोबाइल वाजला. ती हाताच्या अंतरावर होती, तरी त्याने ते मोबाइलवरच वाचलं, दोनदा, आणि मग तिच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला.

सव्वाचार वाजले. पंखा घरघरला. दोघांनी पडद्याकडे पाहिलं. अक्षरं आली, नेहमीपेक्षाही सावकाश.

"बरं. मग निघतो मी."

पडदा काळा झाला. पंखा थांबला, डिस्क थांबली, आणि खोलीत इतकी शांतता पसरली की वर काकूंची पावलं ऐकू आली.

"हे… हे फोल्डरमध्ये नव्हतं," तो कुजबुजला. "मी सगळी उत्तरं वाचलीत."

तिने मान हलवली. खांद्यावरचा त्याचा हात तिने घट्ट धरला आणि उघड्या दाराकडे बघत म्हणाली, "सावकाश जा, बाबा."