कातळ्याच्या कानातला खडा

जांभळाई नदीत माशांची पिल्ले का दिसत नाहीत, हा प्रश्न आधी हेमांगीलाच पडला. सोनखार बेटावरच्या या नदीत, काठच्या समुद्रफळाच्या झाडांखाली, कातळ्या नावाचा बोटभर मासा राहतो. दगडांवरचे शेवाळ खरवडून खाणे हे त्याचे काम. यंदा मात्र दगड बुळबुळीत झाले होते. जे मोजके कातळे उरले होते, ते सगळे म्हातारे.

हेमांगीची आत्या, डॉ. पद्मजा तांडेल, बेटावरची मत्स्यशास्त्रज्ञ. तिने एका मेलेल्या कातळ्याच्या डोक्यातून मोहरीहून बारीक खडा काढला आणि क्षार मोजणाऱ्या यंत्राखाली ठेवला.

"हा कर्णाश्म (माशाच्या कानातला खडा). झाडाच्या खोडासारखी यातही वलयं असतात. मासा ज्या पाण्यात वाढतो, त्यातले क्षार वलयांत उतरतात. बाहेरची वलयं नदीची आहेत. आणि आतली?"

आतल्या वलयांत स्ट्रॉन्शियम (समुद्राच्या पाण्यात जास्त असणारे मूलद्रव्य) पुष्कळ होते.

"समुद्राची? पण हा तर आपल्या नदीचा मासा!"

"नदीचाच. जन्मतो इथेच. मग केसाएवढं पिल्लू वाहत समुद्रात जातं, काही महिने तिथे वाढतं आणि परत येतं. पोटाखालच्या चकतीने कातळाला चिकटत धबधबासुद्धा चढतं."

हेमांगीला नदीच्या मुखावरचे दार आठवले. जहाजांबरोबर आलेल्या परक्या माशांनी तीन वर्षांपूर्वी नदीतली अंडी फस्त केली होती. तेव्हा गावाने नदीच्या मुखाशी बारीक जाळीचे दार बसवले आणि राखण्या नावाच्या यंत्रमानवाला तिथे उभे केले. त्याला शिकवायचे काम शाळेकडे आले. हेमांगीने मोठ्या ऐटीत लिहून दिले, 'नदीतला तो आपला. समुद्राकडून येईल तो परका.' वर्गाने टाळ्या वाजवल्या. राखण्याने हुकूम चोख पाळला.

"आत्या, मीच घालवले गं त्यांना!"

आत्याने तिची समजूत घातली नाही. "त्या कागदावर माझी सही आहे. मी नीट वाचलं नाही. आता रडत बसलो तर पिल्लं आत आणणारी आजची भरती जाईल. चल."

राखण्या दारापाशी उभा होता. "आपला कोण?" त्याने विचारले.

हेमांगी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "कुठून आला ते विचारू नकोस. पोटाखाली चकती आहे का, ते बघ. असली तर दार उघड."

"आत्या, समुद्रात कुणी उरलं असेल?" तिने वळून विचारले.

"म्हातारे अजून अंडी घालतात, आणि केसाएवढी पिल्लं जाळीतून बाहेर निसटतात. आशा आहे, खात्री नाही."

अकरा दिवस कुणीच आले नाही. बाराव्या सकाळी धबधब्याच्या ओल्या कातळावर काचेसारखी नऊ पिल्ले चिकटलेली दिसली. एक घसरून खाली पडले, आणि पुन्हा चढू लागले. हेमांगीने ती पुन्हा एकदा मोजली.

"नदी पहिल्यासारखी व्हायला दहा वर्षं तरी लागतील," आत्या म्हणाली.

"लागू देत," हेमांगी म्हणाली. "मी मोजायला येत जाईन."